अध्यक्षांचे शुभ आकडे

कऱ्हाडच्या एका वाचनालयात प्राध्यापिका चारुशीलाबाईंची मंडळी हौसेने महाकाय मूळ संख्या शोधत. म्हणजे एक आणि स्वतःखेरीज कशानेही भाग न जाणाऱ्या संख्या! ज्याने जी संख्या राखून ठेवली, ती त्याच्याच संगणकाने तपासायची, असा या शोधाचा रिवाज.

एके दिवशी वाचनालयाचे अध्यक्ष बापूसाहेब गरजले, "शोध लागला तर नाव माझंच झालं पाहिजे. सगळ्या संख्या माझ्या नावावर राखा, नाहीतर तुमचे संगणक उचला!"

मंडळींचे चेहरे पडले. बाईंनी मात्र खिडकीतून बापूसाहेबांच्या गाडीकडे पाहिलं. नंबराची बेरीज नऊ!

"साहेब, सगळ्या कशाला? तुमच्या गाडीसारखी बेरीज नऊ येणाऱ्या जगातल्या सगळ्या शुभ संख्या तुमच्या. उरलासुरला गाळ आम्हाला."

बापूसाहेब खुलले. "ठरलं! दिला शब्द. पण माझ्या संख्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

"कोण कशाला लावेल, साहेब?" बाई ताठ मानेनं म्हणाल्या. "अंकांची बेरीज नऊ आली की त्या संख्येला नऊने भाग जातोच. आमचे संगणक चालू राहू द्या. तुमचा निकाल तर संगणकाशिवायच लागला!"