एका बोटाचा भाव

गुऱ्हाळात हंगामाची पहिली काहिली, म्हणजे उसाच्या रसाची मोठी कढई, चढली की नारळ वाढवायचा तो चुलवणापाशी, दगडावर, हळूच. पण राजा रणधवलला नेमबाजीची भारी हौस! त्याने वीस पावलांवरून नारळ भिरकावला, तो थेट उकळत्या रसात. रस उसळला आणि गुळव्या भिकोबाचा उजवा हात कोपरापर्यंत पोळून निघाला.

कुणी शाई आणायला धावलं, कुणी तूप. भिकोबाची लेक येसू कडाडली, "काही फासू नका! गार पाणी ओता, ओतत राहा!" वैद्यबुवांनी फोड पाहून सांगितलं, "तीन महिने या हाताने काम नाही." म्हणजे अख्खा हंगाम बुडाला! घरात खाणारी तोंडं पाच आणि कमावता हात हाच.

येसू तडक दरबारात गेली. "महाराज, नारळ तुमचा, हात माझ्या आबांचा. भरपाई द्या!"

कारभारी दाजीपंतांना दुसऱ्याचं दुखणं नेहमीच किरकोळ वाटे. ते म्हणाले, "फोडच आले ना? चार रुपये दिले की झालं!"

राजा हट्टी. म्हणाला, "भरपाई देईन, पण मापून! दुखणं किती झालं ते सूर्य मावळायच्या आत मापून दाखव. भरेल तेवढं देतो. नाही जमलं तर चार रुपयेही नाहीत!"

दरबार खो खो हसला. दुखणं मापायचं ते शेराने की पायलीने?

"मापते की!" येसू म्हणाली. "गुऱ्हाळातून कढईभर उकळता रस मागवा. खाली शेगडी ठेवा, निवायला नको."

रटरटती कढई आली. येसू वळली. "दाजीपंत, तुमचेच चार रुपये घ्या आणि यात बोट बुडवा. हात नको, करंगळी चालेल!"

दाजीपंत तीन पावलं मागे! "वेड लागलंय का तुला?"

"कमी पडले? चाळीस!"

"छे!"

"चारशे!"

राजालाही चेव आला. "पंत, मी हजार देतो! बुडवा!" असं म्हणून त्याने सिंहासनावरून उतरून पंतांचं मनगटच धरलं.

"महाराज!" पंत किंचाळले. "माझा उसाचा मळा घ्या, विहिरीसकट घ्या, पण बोट सोडा!"

"झालं माप!" येसूने टाळी वाजवली. "एका करंगळीचा भाव एक मळा, विहिरीसकट. तोही न पोळता! आबांचा तर कोपरापर्यंत हात पोळलाय. आता हिशेब तुम्हीच करा, महाराज."

राजा बोटं मोजू लागला, मग तळवा, मग मनगट, आणि मध्येच त्याला हसू फुटलं. हसता हसता त्याचा मंदिल कानावर आला. "पोरी, या भावाने माझं राज्य पुरायचं नाही! काही सोडशील की नाही?"

"एक मळा द्या आणि हात बरा होईपर्यंतची मजुरी द्या. बाकीचं आबांनी सोसलंच आहे."

राजा क्षणभर खजील झाला आणि पुन्हा हसला. "दिला! माझ्या खासगीतला मळा भिकोबाला दिला, विहिरीसकट! पंत, सनद लिहायला घ्या. बोटं शाबूत आहेत ना तुमची?"