आखावरचं पान

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही.

डोंगरांच्या मधोमध वसलेलं ते लहानसं राज्य होतं. बाहेर पडायला वाट एकच, आणि तीही उभ्या चढणीच्या घाटातून. धान्य न्यायचं असो, मीठ आणायचं असो, नाहीतर लेकीला सासरी पोचवायचं असो, बैलगाडीशिवाय घाट ओलांडता येत नसे. त्यामुळे त्या राज्यात गाडीवानाला मान होता आणि गाडीचं कौतुक तर त्याहून जास्त.

सुगी आटोपली की राजधानीबाहेरच्या माळावर गाड्यांचा मेळा भरायचा. कुणी गाडीवर रेशमाचं छत घाली, कुणी कठड्यावर मोर कोरी. ज्याची गाडी सर्वांत सुंदर ठरे त्याला चांदीच्या घुंगरांची माळ मिळे, आणि राजमातेला घाटापलीकडच्या गरम पाण्याच्या कुंडावर नेण्याचा मान मिळे. म्हाताऱ्या राजमातेचे गुडघे दुखत, आणि त्या पाण्यानं तिला आराम वाटे.

एके वर्षी मेळ्यानंतर मीठ आणायला जाताना जिवबा नावाच्या गाडीवानाच्या गाडीचा आख घाटात मोडला. आख म्हणजे दोन चाकांना जोडणारं आडवं लाकूड. सगळा भार त्याच्यावर. छत मोरपिसांचं होतं, पण आख किडका निघाला. गाडी कलंडली आणि जिवबाचा पाय चाकाखाली सापडला. मागून धाकू गाडीवान येत होता. त्यानं जिवबाला आपल्या गाडीत घातलं आणि घरी पोचवलं. जिवबा वाचला, पण त्याचा एक पाय कायमचा गेला.

राजाला फार वाईट वाटलं. त्यानं दवंडी पिटवली, "पुढच्या मेळ्यात गाड्यांची छतं पाहिली जाणार नाहीत. गाड्यांची पोटं पाहिली जातील. ज्याची गाडी खालून सर्वांत चांगली, त्याला घुंगरांची माळ."

ही दवंडी ऐकून सर्वांत जास्त आनंद धाकूला झाला.

धाकू साधा माणूस होता. गाडी बापाच्या वेळची, छत गोणपाटाचं. दरवर्षी तो मेळ्याला जाई, माळाच्या कडेला गाडी सोडी, आणि लोक त्याच्याकडे न पाहता पुढे जात. त्याची त्याला सवय झाली होती, म्हणजे तो तरी तसं म्हणायचा. त्याची बायको चांगुणा मात्र ओळखून होती. मेळ्याहून आला की दोन दिवस तो नीट जेवत नसे.

"यंदा आपली पाळी आहे," तो तिला म्हणाला. "छताला पैसा लागतो. पोटाला नुसती मेहनत लागते."

त्या दिवसापासून दोघं कामाला लागली. धाकूनं चाकं उतरवली आणि गाडी दगडांवर चढवून ठेवली. खाली पाहतो तो काय, वर्षानुवर्षांचं वंगण, त्यावर धूळ, त्यावर चिखल, सगळ्याचा मिळून काळाकुट्ट थर बसलेला. तो पाठीवर झोपून खाली सरके आणि चिंचेच्या पाण्यानं, राखेनं, काथ्यानं घासत राही. लोखंडी पट्ट्या त्यानं विटेच्या भुकटीनं लख्ख केल्या. आख त्यानं उजव्या टोकापासून घासायला घेतला. जेवढा भाग साफ होई तेवढ्याला तो गेरूचा हात देई, आणि तो वाळला की चांगुणा बारीक कुंचल्यानं त्यावर पांढरी वेल काढी.

चांगुणेच्या हातात कला होती, पण आजवर ती उंबऱ्यापलीकडे कुणी पाहिली नव्हती. लेक सासरी गेल्यापासून त्या घरात बोलणंही थोडंच उरलं होतं. आता दोघं गाडीखाली शेजारी शेजारी पडून तासन्‌तास बोलत. तिच्या नाकाला रंग लागला की तो हसे. त्याच्या दाढीत राख गेली की ती पदरानं पुसे. धाकूला कधीकधी वाटे, माळ नाही मिळाली तरी चालेल, हे काम असंच चालू राहावं.

मेळ्याला चार दिवस उरले तेव्हा आखाचं डावं टोक तेवढं राहिलं होतं. तिथे वंगणाचा थर सर्वांत जाड होता. चांगुणा पाणी आणायला गेली होती. धाकूनं थर खरवडला, ओल्या फडक्यानं पुसला, आणि त्याचा हात थांबला.

लाकडाला चीर गेली होती. केसाएवढी बारीक, बोटभर लांब.

त्यानं पुन्हा पुसलं. चीर तशीच. त्यानं नख लावून पाहिलं, नख अडकलं. इतकी वर्षं वंगणाखाली ती कुणाला दिसली नव्हती. नवा आख करायचा तर वाळलेलं लाकूड शोधायचं, सुतारानं तो तासायचा, चाकांच्या मापाला बसवायचा. दहा दिवस सहज जाणार. आणि हा रंगवलेला आख, ही सगळी वेल, जळणात जाणार.

धाकू बराच वेळ गाडीखाली पडून राहिला. मग तो उठला, घरातून लाख आणि मेण आणलं, पातळ करून चिरेत भरलं आणि वरून गेरू फिरवला. रंग वाळल्यावर काहीच दिसेना. तरी त्याच्या जिवाला चैन पडेना.

चांगुणा वेल पुढे न्यायला बसली तेव्हा त्यानं बोट ठेवून दाखवलं. "इथे एक मोठं पान काढ."

"इथे कशाला? वेल तर वर वळतेय."

"खाली वळव. इथे पान शोभेल."

चांगुणेनं त्याच्याकडे पाहिलं. पण त्याच्या हौसेला नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं. तिनं वेल खाली वळवली आणि पान काढलं. सगळ्या वेलीत तेच पान सर्वांत देखणं झालं.

मेळ्याच्या दिवशी माळावर शेकडो गाड्या दगडांवर चढवलेल्या होत्या, आणि प्रत्येक गाडीखाली आरसा मांडला होता. लोक वाकून आरशात गाडीचं पोट पाहत. कुणी चाकांच्या मधल्या तुंब्यांना पितळ लावलं होतं, कुणी दोरखंडसुद्धा रंगवले होते. राज्याचा मुख्य सुतार म्हातारा होता. त्याची रीत अशी, की आख बोटानं ठोकायचा आणि आवाज ऐकायचा. पण पहिल्याच गाडीला त्यानं हात लावला तर मालक कळवळला, "रंग उडेल हो." प्रधान म्हणाले, "सुतारबाबा, आरशातच पाहा." म्हाताऱ्यानं हात मागे घेतला.

धाकूच्या गाडीपाशी गर्दी हलेना. गेरूचा तांबडा आख, त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी वेल, आणि चकचकीत पट्ट्यांत आरशातलं ऊन. राजानं स्वतः वाकून पाहिलं आणि घुंगरांची माळ धाकूच्या गळ्यात घातली. लोक त्याच्या पाठीवर थापा मारू लागले. ज्यांनी आजवर त्याच्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं ते त्याला नावानं हाक मारू लागले.

राजमातेनं विचारलं, "ही वेल काढली कुणी?"

चांगुणा लाजून पुढे झाली.

"मग तूही चल माझ्याबरोबर," राजमाता म्हणाली. "वाटेत बोलायला कुणीतरी हवंच."

दुपारची जेवणं झाली. धाकू बैल जुंपत होता तेव्हा गर्दीतून कुबडीवर रेलत जिवबा आला. त्यानं गाडीखाली वाकून पाहिलं, कितीतरी वेळ पाहिलं. मग धाकूचा हात हातात घेऊन तो म्हणाला, "धाकू, असा आख माझ्या गाडीला असता ना, तर माझा पाय राहिला असता."

 धाकूनं हात सोडवून घेतला आणि कासरा धरला.

गाडी निघाली. राजवाड्याचे चार शिपाई पुढे होते. मागे साटीवर, म्हणजे गाडीच्या फळ्यांच्या बैठकीवर, राजमाता आणि चांगुणा बसल्या होत्या. चांगुणा लेकीविषयी सांगत होती, राजमाता हसत होती. रस्ता सपाट होता. धाकूचं लक्ष बैलांकडे नव्हतं, बोलण्याकडेही नव्हतं. तो फक्त डाव्या चाकाचा आवाज ऐकत होता. प्रत्येक खड्ड्याला तो वळून चाकाकडे पाही. तो मनाशी म्हणे, इतकी वर्षं टिकला तो आजचा दिवसही टिकेल. आणि लगेच त्याला जिवबाची कुबडी दिसे.

घाटाच्या पायथ्याशी त्यानं गाडी उभी केली. तो उतरला, बैल सोडले, आणि गळ्यातली माळ काढून जुवावर ठेवली.

"काय झालं रे?" राजमातेनं विचारलं.

"आईसाहेब, उतरावं. ही गाडी घाट चढायच्या लायकीची नाही."

"अहो, असं काय बोलताय?" चांगुणा घाबरून म्हणाली.

धाकूनं मान खाली घातली. "आखाला चीर आहे. तुझ्या पानाखाली."

 चांगुणा उतरली, तिनं वाटेतला एक धारदार दगड उचलला आणि गाडीखाली गेली. आपण काढलेलं पान तिनं आपल्याच हातानं खरवडून काढलं. लाख निघाली, मेण निघालं. चीर आता बोटभर राहिली नव्हती. ती वीतभर झाली होती आणि पानाच्या बाहेर, वेलीखालून पुढे गेली होती. नुसत्या सपाट रस्त्यानं एवढं केलं होतं.

राजमाता दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. तिनंही पाहिलं.

"तुला हे कधी कळलं?"

"चार दिवसांपूर्वी."

"मी गाडीत बसले तेव्हा तुला माहीत होतं."

"होतं, आईसाहेब." धाकू म्हणाला, "मला वाटलं, एकदा तरी लोकांनी माझ्या गाडीकडे पाहावं."

 राजमाता म्हणाली, "माळावरच बोलला असतास तर माझी पायपीट वाचली असती." आणि चांगुणेच्या खांद्यावर हात ठेवून ती परत चालू लागली.

मेळा अजून मोडला नव्हता. झालेला प्रकार ऐकून राजाचा राग अनावर झाला. "माझ्या आईचा जीव धोक्यात घातलास. आजच्या आज राज्याबाहेर हो."

"थांब," राजमाता म्हणाली. "यानं निदान घाटाच्या खाली सांगितलं. आता मला पलीकडे कोण नेणार, ते ठरव. दुसऱ्या नंबराची गाडी कुणाची?"

दुसऱ्या नंबराचा गाडीवान पुढे आला नाही. तो गाडीखाली शिरला होता. थोड्या वेळानं त्यानं बाहेर येऊन हात जोडले. त्याच्या एका तुंब्याच्या पितळेखाली भेग होती. तिसऱ्यानं न विचारताच आपल्या चाकाच्या आरीवरचा रंग खरवडायला घेतला. मग माळभर तोच आवाज सुरू झाला, दगडांनी, कोयत्यांनी, नखांनी रंग खरवडल्याचा. काहींच्या गाड्या धडधाकट निघाल्या. पण कितीतरी गाड्यांच्या सुंदर रंगाखाली मालकांना ठाऊक असलेलं काहीतरी होतं.

राजा हे पाहत उभा राहिला. त्याचा राग उतरला. तो हळूच म्हणाला, "मी चांगलं पोट मागितलं, आणि पाहिलं फक्त आरशात. चूक माझीही आहे."

राजमाता त्या वर्षी कुंडावर गेली ती दहा दिवसांनी, म्हाताऱ्या सुतारानं बोटानं ठोकून निवडलेल्या एका गाडीतून. त्या गाडीला रंगाचं बोटही लागलेलं नव्हतं.

धाकूची माळ परत घेतली गेली. तीन वर्षं त्यानं माणसं न्यायची नाहीत, फक्त दगडमाती वाहायची, अशी शिक्षा त्याला झाली. ती त्यानं मुकाट्यानं भोगली. पण सगळ्यात जड शिक्षा घरी होती. चांगुणा त्याच्याशी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी ती म्हणाली, "चीर लपवलीत त्याचं वाईट वाटलं. पण ती माझ्या हातानं लपवलीत, ते जास्त लागलं. आणि वर मला त्याच गाडीत बसू दिलंत."

"ते मला आयुष्यभर पुरेल," धाकू म्हणाला. 

मेळा पुढेही भरत राहिला, पण राजानं नवा नियम केला. गाडीखालचं लाकूड घासूनपुसून उघडं ठेवायचं, आणि जिथे दोष असेल तिथे मालकानं स्वतः चुन्याची खूण करायची. खूण करणाऱ्याला लाज नाही; त्याचं लाकूड सरकारी सुतार विनामोबदला बदलून देईल. पहिल्या वर्षी माळ चुन्यानं पांढरा झाला. त्यानंतर कितीतरी वर्षं त्या घाटात एकही आख मोडला नाही.

शिक्षा संपली तेव्हा धाकूनं जिवबाला आपल्या गाडीतून घाट दाखवायला नेलं. जिवबा आधी तयार नव्हता. मग त्यानं कुबडी बाजूला ठेवली, गाडीखाली सरकून नवा आख आपल्या हातांनी टोकापासून टोकापर्यंत चाचपून पाहिला, आणि उठून साटीवर बसला. चांगुणा त्याच्या शेजारी बसली, आणि गाडी चढणीला लागली.

बोध: घासावं ते दोष दिसावा म्हणून, रंगाखाली झाकलेला दोष बरा होत नाही, वाढत जातो.