प्रीतिभोजनाचा रस्सा

सांगा बघू मंडळी, विश्वास कुणावर ठेवावा? ज्याचं बोलणं ऐकून सभा डोलते, त्याच्यावर? ठेवा बापडे! पण गिऱ्हाईक दर वाक्याला 'हो, हो' करायला लागलं, की जुना दुकानदार मनात ओळखतो, याला काही कळलेलं नाही. शांतवन पाळकांना मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं.

एका गावात ख्रिस्ती मंडळीचं छोटंसं देऊळ होतं. शांतवन तिथले पाळक. माणूस सज्जन, पण भारी शब्दांचा शौकीन. लोकांना त्यांचा उपदेश निम्मा कळत नसे. पण तिथली रीतच पडली होती: पाळकसाहेबांचा आवाज चढला, की सगळ्यांनी मिळून 'आमेन' म्हणायचं. आवाज जितका चढा, तितकं आमेन मोठं.

कापणीच्या सणाचा रविवार उजाडला. उपासनेनंतर देवळामागे प्रीतिभोजन, म्हणजे साऱ्या मंडळीची एकच पंगत. सकाळीच शेजारच्या मळ्यातला सर्जेराव धापा टाकत आला.

"साहेब, घात झाला! फवारणीच्या औषधाचा डबा माझ्या हातून तुमच्या विहिरीत पडला. समद्यांना सांगा, त्या पाण्याला हात लावू नका!"

"सांगतो," शांतवन म्हणाले.

पण त्या दिवशी शहरातून मोठे पाहुणे आले होते. पहिल्याच बाकावर बसले होते. उपदेश कितीतरी दिवस घोटलेला. त्यात मध्येच विहिरीची दवंडी कशी पिटायची? सगळी शोभा जायची! म्हणून त्यांनी ती उपदेशातच गुंफली. हात उंचावून म्हणाले, "प्रियजनहो, आपल्या जलाशयात मृत्यू अवतरला आहे! त्या कलुषित उदकाचा परित्याग करा!"

"आमेन!" देऊळ दणाणलं. पाहुण्यांनीही मान डोलावली. शांतवनांना वाटलं, काम झालं.

उपासना सुटली. ते देवळामागे आले आणि जागीच थिजले. चुलीवर रश्शाचं पातेलं रटरटत होतं. पंगत बसली होती. फुलपात्रं काठोकाठ भरलेली. रांधणारी एस्तेरबाई पदराने घाम पुसत होती.

"एस्तेरबाई, हे पाणी कुठलं?"

"कुठलं म्हंजे? हिरीचं. आज काय नळ आलाय व्हय?"

"अहो, मी उपदेशात सांगितलं ना!"

"त्ये व्हय! दारातनं ऐकलं की. लई ग्वाड बोललात साहेब. आपल्या पापाचं ऐकून मला तर रडूच आलं."

शांतवन पातेल्याकडे धावले. "रस्सा... रस्सा कुणी चाखला तर नाही?"

"न चाखता वाढीन व्हय? मीच चाखला, चांगला पळीभर. मीठ बेताचं हाय."

"पाणी पिऊ नका! विष आहे!" शांतवन किंचाळले.

या वेळी कुणीही आमेन म्हटलं नाही. फुलपात्रं खाली आली. ताटाकडे गेलेले हात मागे आले. पोरासोरांनासुद्धा कळलं.

एस्तेरबाईला ओकाऱ्या सुरू झाल्या, शुद्ध हरपली. तिला जीपमध्ये घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. देवाची कृपा, बाई वाचली. शुद्धीवर आल्याबरोबर म्हणाली, "साहेब, तुमचं काय चुकलं? आमीच अडाणी. आमच्याच टाळक्यात शिरलं न्हाई."

भोवतीच्या माणसांनीही 'खरंय, खरंय' म्हटलं. केवढी सोपी पळवाट! गप्प राहिलं की झालं. शांतवनांना क्षणभर मोहही झाला. मग ते खाटेजवळ सरकले.

"नाही बाई. मी बोललो, पण तुम्हाला सांगितलं नाही. मला पाहुण्यांची वाहवा हवी होती. त्या हौसेपायी मी माझ्याच माणसांच्या ताटापर्यंत विष येऊ दिलं."



तात्पर्य: देवाच्या घरात बोलायचं ते शेवटच्या बाकावरच्या माणसालाही उमगेल असं बोलावं, जे उमगत नाही, त्याने कुणाचं भलं होत नाही. आणि बाबांनो, एवढी माझी विनंती ऐका: किती जणांनी वाहवा केली ते जमेला धरू नका, किती जणांच्या पदरात काही पडलं तेवढंच धरा. हा हिशेब मात्र चोख ठेवा.