वैजूचा हेडसेट आणि आप्पांची गिरणी

एका गावात भागोजी नावाचा एक भोळा माणूस राहायचा. मनाने चांगला, कामाला वाघ, पण जे सांगाल ते जसंच्या तसं धरायचा. "दारावर लक्ष ठेव," असं आई म्हणाली की तो दाराकडे बघत बसायचा. मांजर खिडकीतून येऊन दूध पिऊन जायचं. "दार जागचं हललं नाही," असं तो आईला सांगायचा.

त्याची धाकटी बहीण वैजू कॉम्प्युटरवर लढाईचा खेळ खेळायची. चार गावांतल्या चार मुलींचा संघ होता. प्रत्येकीने आपापल्या घरी बसायचं, कानांवर हेडसेट लावायचा आणि एकमेकींशी बोलत लढायचं. लढत लढत त्या जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या होत्या. सामना रविवारी सकाळी दहाला. आणि बुधवारी शेळीने वैजूच्या हेडसेटची वायर खाल्ली.

वैजूची परीक्षा चालू होती. आईचा गुडघा धरला होता. तालुक्याला जाणार कोण? भागोजी.

"दादा, नीट ऐक," वैजू म्हणाली. "हेडसेट दोन्ही कानांवर बसतो. तो दोन-दोन तास घालावा लागतो. म्हणून दाबून बघ. जो सगळ्यात मऊ, तो घे."

"सगळ्यात मऊ," भागोजी म्हणाला आणि गेला.

तालुक्याला रमणशेठचं दुकान होतं. भागोजीने तिथले सगळे हेडसेट दाबून बघितले. मऊ होते. पण याहून मऊ काही नसेलच कशावरून? म्हणून तो शेजारच्या दुकानात गेला आणि तिथेही दाबून बघितलं. संध्याकाळी तो घरी आला तो डोक्यावर लोकरीची कानटोपी घालून. उन्हाळ्याचे दिवस होते. कपाळावरून घाम गळत होता.

"दोन्ही कानांवर बसते," तो म्हणाला. "दोन तास घालून बघितली. मऊ आहे."

वैजूने कपाळाला हात लावला. "अरे दादा, यातून आवाज येतो का? नुसतं मऊ काय कामाचं? कानाशी धरून आवाज ऐकायचा. खणखणीत पाहिजे."

"खणखणीत," भागोजी म्हणाला. शुक्रवारी परत गेला.

त्याने एकेक हेडसेट कानाशी धरला. एकाचाही आवाज येईना.

"अरे बाबा, वायर जोडल्याशिवाय कसा येईल?" रमणशेठ म्हणाले.

"तिने कानाशी धर म्हणून सांगितलंय. जोड म्हणून नाही सांगितलं."

संध्याकाळी त्याने वैजूपुढे पितळी झांजांची जोडी ठेवली.

"दोन कानांना दोन," तो म्हणाला. "मधे दोरी पण आहे. आणि आवाज बघ!"

त्याने वाजवून दाखवल्या. शेळी दावं तोडून पळाली.

वैजू रडकुंडीला आली. "दादा, परवा सामना आहे रे! मला मैत्रिणींशी बोलायचंय. झांजांत बोलू का मी? तोंडापाशी माईक असलेला आण. आणि घेण्याआधी बोलून बघ. समोरच्याला स्पष्ट ऐकू गेलं पाहिजे."

"समोरच्याला," भागोजी म्हणाला. शनिवारी परत गेला.

रमणशेठनी त्याला लांबूनच ओळखलं आणि माईकवाला चांगला हेडसेट काढूनच ठेवला. भागोजीने तो डोक्यावर चढवला. समोर रस्त्यापलीकडे शिंप्याचं दुकान होतं.

"ओ मास्तर, ऐकू येतंय का?" भागोजी माईकमध्ये म्हणाला.

मास्तर शिवत राहिले.

"ओ मास्तर!"

काही नाही.

"ओ मास्तऽऽर!"

"अरे, बहिरा नाही मी!" मास्तर ओरडले.

"स्पष्ट ऐकू जातं," भागोजी रमणशेठना म्हणाला. "द्या."

"घेऊन जा," रमणशेठ म्हणाले. "आणि सांग बहिणीला, चांगल्या हेडसेटची खूण एकच. तो घातला की बाहेरचा आवाज अजिबात येत नाही."

हे भागोजीने पक्कं लक्षात ठेवलं.

रविवारी वैजूने हेडसेट जोडून बघितला. सगळं ठीक. "दादा, जिंकलास!" ती म्हणाली. भागोजी लाजला.

दहाला सामना सुरू झाला. मुली छान लढत होत्या. आणि भिंतीपलीकडे यशवंतआप्पांची पिठाची गिरणी सुरू झाली. वैजूला ती ऐकू येत होतीच, माईकमधून ती तिन्ही मैत्रिणींच्या कानातही शिरली.

"वैजे, कसली गं घरघर?" मैत्रिणी ओरडल्या. "शत्रूची पावलं ऐकू येईनात!"

"दादा, पळ!" वैजू पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "गिरणी थांबव! ती थांबली नाही तर मी मेलेच!"

भागोजीने तेही जसंच्या तसं धरलं. एकुलती एक बहीण. तो धावत गिरणीत गेला.

"आप्पा, गिरणी थांबवा!"

"बायकांची रांग बघितलीस का?" आप्पा डबा ओतत म्हणाले. "आता ही गिरणी लाईट गेली तरच थांबायची."

लाईट गेली तर. भागोजी पुढे धावला. वायरमन जगताप पारावर चहा पीत बसले होते.

"जगतापभाऊ, लाईट घालवा! नाहीतर आमची वैजू मेली!"

जगताप ताडकन उठले. पोरगी तारेला चिकटली, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं. चहा तसाच टाकून त्यांनी ट्रान्सफॉर्मर गाठला आणि अख्ख्या गावाची लाईट बंद केली.

गिरणी थांबली. बायका बोलायच्या थांबल्या. गाव असं शांत झालं की पारावरच्या चिमण्या ऐकू येऊ लागल्या.

भागोजी घरी आला. वैजू खुर्चीत तशीच बसली होती. हेडसेट कानांवर, हात माउसवर, डोळे काळ्या पडद्यावर. शत्रूंपैकी एकच उरला होता आणि तिने त्याच्यावर नेम धरला होता.

जिवंत होती. भागोजीचा जीव भांड्यात पडला.

"वैजू, आता गिरणी ऐकू येते का?"

"नाही," वैजू म्हणाली.

"बाहेरचा दुसरा कुठला आवाज?"

"नाही."

"आतला?"

"आतलाही नाही, दादा."

भागोजी समाधानाने उंबऱ्यावर टेकला.

"मग रमणशेठ खरं बोलले," तो म्हणाला. "हेडसेट चांगला आहे."