खिडक्यांचा सोमवार

कवठेपूरच्या जुन्या पेठेत, भर चौकात, रुईकर बिल्डिंग उभी आहे. खाली काळ्या दगडाचा तळमजला, त्यावर विटांचे चार मजले आणि प्रत्येक मजल्यावर रस्त्याकडे तोंड केलेल्या नऊ खिडक्या. एरवी त्यातल्या काही उघड्या असतात, काही बंद. पण माघातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी अकराला छत्तीसच्या छत्तीस खिडक्या उघडतात, आणि प्रत्येकीत एक माणूस काम करत बसलेला दिसतो. कोणी ब्लाउजला हुक लावतंय, कोणी घराचा नकाशा काढतंय, कोणी लॅपटॉपवर मान मोडून बसलंय. चौकातली रिक्षा आपोआप थांबते. लोक माना वर करून खिडक्या मोजू लागतात.

हे बघायला आता बाहेरगावचे लोकही येतात. त्यांना या दिवसाची कथा सांगतात तळमजल्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातले एकनाथ दुसाने. वय ऐंशीच्या पुढे, आवाज खणखणीत. "मी रस्त्यावरून पाहिलं तेवढं माझं," ते आधीच बजावतात. "वर काय झालं ते ऐकलेलं. पण ऐकलेलंही खोटं नाही."

कापसाच्या भरभराटीच्या दिवसांत ही इमारत म्हणजे गावाचं काळीज होती, असं सांगतात. दलालांच्या पेढ्या, विम्याची कचेरी, वकील, जिनिंगवाले, सगळे इथेच. जिन्यावर एवढी वर्दळ की उतरणाऱ्याला भिंतीला चिकटून उभं राहावं लागे. मग कापडाची गिरणी बंद पडली. गावाबाहेरून बायपास गेला आणि त्याच्या मागे कचेऱ्याही गेल्या. दारांवरच्या पाट्या एकेक करून उतरल्या. शेवटी वरच्या चार मजल्यांत एकच उरली, तिसऱ्या मजल्यावर: नाफडे टायपिंग क्लास.

हा क्लास बकुळाबाई नाफडे यांचा. एकोणिसाव्या वर्षी त्या स्वतःच इथे टायपिंग शिकायला आल्या होत्या. पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत धाप लागली होती, आणि तरी वर पोचताच त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, कारण एवढ्या उंचावरून त्यांनी गाव कधी पाहिलंच नव्हतं. पुढे क्लास त्यांच्याकडेच आला. लग्न केलं नाही. तीस वर्षं गावातल्या मुलामुलींना त्या खोलीतून नोकरीला लावलं. इमारत ओस पडली तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. भावाने बायपासवर जागा बघून ठेवली होती. "ताई, तिथे लाइट जात नाही, पार्किंग आहे," तो म्हणायचा. बाई नुसत्या हसायच्या.

आणि मग नोटीस आली. वापरात नसलेली इमारत म्हणून रुईकर बिल्डिंग पाडायची आणि त्या जागी वाहनतळ करायचा, असं ठरत होतं. अंतिम पाहणी माघातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता. हातात फक्त तीन आठवडे.

बाई नोटीस घेऊन थेट नगरपालिकेत गेल्या. पाहणीचं काम दामोदर इखार नावाच्या इंजिनियरांकडे होतं. माणूस सरळ, पण कागदाबाहेर पाऊल न टाकणारा. त्यांनी बाईंना बसायला खुर्ची दिली.

"भिंती कशा आहेत, साहेब?" बाईंनी विचारलं.

"धडधाकट. अजून शंभर वर्षं हलायच्या नाहीत."

"मग पाडता कशाला?"

"रिकामी आहे म्हणून. छत्तीस खोल्यांत एक तुमची. एका खोलीला इमारत म्हणत नाहीत, बाई." मग म्हणाले, "मी कोणाच्या बाजूचा नाही. त्या सोमवारी रिकामी दिसली तर रिकामी लिहीन. भरलेली दिसली तर भरलेली."

हे एवढंच वाक्य घेऊन बाई परतल्या. जिना चढताना त्यांना राग आला होता, आणि तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्या रागाचं काहीतरी वेगळंच झालं होतं. खोलीत शिरून त्यांनी आपली ती लाडकी खिडकी बंद केली, कडी घातली आणि समोर बसलेल्या विद्यार्थिनींना सांगितलं, "बाकीच्या पस्तीस उघडेपर्यंत ही उघडायची नाही." हाच तो नवस. देवासमोर बोललेला नाही, देवाला काही कबूल केलेलं नाही, तरी गावात त्याला नवसच म्हणतात.

त्याच दुपारी त्यांनी प्रवेशाची जुनी रजिस्टरं काढली. तीस वर्षांची नावं, तीस वर्षांचे पत्ते. दुसऱ्या दिवसापासून बाई गावभर हिंडू लागल्या. कोणाच्याही दारात जाऊन त्या एकच विचारायच्या, "तुझं काम बसून करायचं आहे ना? मग एक सोमवार माझ्या इमारतीत बसून कर."

लोक आधी बुचकळ्यात पडले. पण ज्यांची बोटं बाईंनी कीबोर्डवर धरून धरून वळवली होती, त्यांना नाही म्हणता येईना. शारदा तायडे शिवणयंत्र आणते म्हणाली. घड्याळं दुरुस्त करणारे कासमभाई तयार झाले. हार्मोनियमचे भाते बसवणारे, कुंडल्या मांडणारे, प्रश्नपत्रिका तपासणारे मास्तर, लग्नपत्रिकांची अक्षरं काढणाऱ्या दोन बहिणी, सगळे हो म्हणाले. रुईकरांच्या वारसांनी किल्ल्यांचा जुडगाच बाईंच्या हवाली केला. "उघडतात का बघा," एवढंच म्हणाले.

उघडत नव्हत्या. कुलुपं गंजलेली, बिजागऱ्या आवळलेल्या, खोल्यांत पारव्यांची वस्ती. मग तिसऱ्या आठवड्यात रोज सकाळी पेठेतली माणसं झाडू, बादल्या आणि तेलाची बुधली घेऊन वर चढू लागली. दुसाने सांगतात, इतक्या वर्षांनी त्या जिन्यावर पुन्हा पावलं वाजली तेव्हा खाली दुकानात त्यांच्या अंगावर काटा आला. चौथ्या मजल्यावरची एक खिडकी उघडली तर तिच्या गजांतून पिंपळाचं रोप बाहेर डोकावत होतं. शारदाने ते मुळासकट अलगद काढून डब्यात लावलं. कोणीतरी म्हणालं, सोमवारी जमलं नाही तर या मेहनतीचं काय? बाई म्हणाल्या, "मग निदान स्वच्छ इमारत पाडतील."

पण गंमत बघा, त्या तीन आठवड्यांत बाईंना झोप कशी ती लागत नव्हती, आणि तरी चेहऱ्यावर थकवा नव्हता. एकोणीस वर्षांची मुलगी जिना चढायची तशा त्या चढायच्या म्हणे.

सोमवार उजाडला. दहा वाजल्यापासून चौक माणसांनी भरला. साडेदहाला पहिल्या मजल्याच्या खिडक्या उघडल्या, मग दुसऱ्याच्या. शारदाच्या यंत्राची घरघर रस्त्यावर ऐकू येऊ लागली, हार्मोनियमचा सूर तपासला जाऊ लागला, आणि खाली लोक एकेका खिडकीचं नाव घेऊन ओरडू लागले, "अरे, तो आपला कासमभाई." पावणेअकराला चौतीस खिडक्या उघड्या होत्या.

पस्तिसावी, चौथ्या मजल्याच्या कोपऱ्यातली, बंदच. तिथे बसायचं होतं यादव सोनार या जुन्या विद्यार्थ्याने. तो शेजारच्या तालुक्यात दस्तऐवज लिहायचा. त्याचा निरोप आला: पहाटे त्याला मुलगी झाली होती, तो दवाखान्यातून हलू शकत नव्हता.

"कोणालाही बसवा तिथे," भाऊ धापा टाकत म्हणाला. "खाली शंभर माणसं उभी आहेत."

"काम घेऊन आलाय का त्यातला कोणी?"

"ताई, साहेबाला काय कळणार आहे?"

"बसवलेला माणूस आणि काम करणारा माणूस रस्त्यावरूनसुद्धा वेगळा दिसतो," बाई म्हणाल्या. "आणि तो माणूस खरं लिहिणार आहे. मी त्याला खोटं दाखवणार नाही." मग त्या म्हणाल्या, "यादवला मुलगी झाली, हे मात्र छान झालं." आणि जिना उतरून खाली गेल्या.

बरोब्बर अकराला इखारसाहेब सायकलवरून आले. काखेत फाइल. त्यांनी मान वर केली आणि बोट नाचवत मोजायला सुरुवात केली. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं.

"चौतीस," ते म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या. "कोपऱ्यातली रिकामी आहे. माणूस यायचा होता, येऊ शकला नाही. आणि तिसऱ्या मजल्यावरची मी बंद ठेवली आहे. बाकीच्या सगळ्या उघडेपर्यंत उघडणार नाही म्हणाले होते, म्हणून. तुम्ही चौतीसच लिहा."

साहेबांनी सायकल लावली आणि ते आत शिरले. प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक दारात ते थांबत होते, हे खालून खिडक्यांतून दिसत होतं. कासमभाईंनी म्हणे त्यांच्याकडे पाहिलंही नाही, डोळ्याला भिंग लावून काम चालूच ठेवलं. अर्धा तास गेला. बाई फाटकाशी उभ्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत. आपण चुकलो का, कोणालातरी बसवायला हवं होतं का, हा विचार त्या अर्ध्या तासात शंभर वेळा आला असेल.

तेवढ्यात वर बिजागरी करकरली. सगळ्या चौकाने मान वर केली. चौथ्या मजल्याच्या कोपऱ्यातली खिडकी उघडत होती. आतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग खिडकीत इखारसाहेब बसलेले दिसले. त्यांनी फाइल मांडीवर घेतली, पेनाचं टोपण काढलं आणि पाहणीचा अहवाल लिहायला सुरुवात केली.

बाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या जिन्याकडे धावल्या. तिसऱ्या मजल्यावर पोचून कडी काढताना ती दोनदा सटकली. तिसऱ्यांदा निघाली. छत्तिसावी खिडकी उघडली आणि खालून जो गलका झाला, तो म्हणे गिरणीच्या बंद दरवाजापर्यंत ऐकू गेला. बाईंनी डोळे पुसले, मशीनमध्ये कोरा कागद घातला आणि टाइप करायला बसल्या. काय टाइप केलं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

अहवालात साहेबांनी तीनच ओळी लिहिल्या, असं सांगतात. इमारत भक्कम आहे. छत्तीस खोल्या पाहिल्या, छत्तीस खोल्यांत काम चालू आहे. हा अहवाल तिथेच बसून लिहिला.

संध्याकाळी अकरा जणांनी बाईंना विचारलं, उद्याही आलो तर चालेल का. शारदाचं यंत्र तर त्या दिवसापासून तिथून हललंच नाही. वर्षभरात अर्धी इमारत भरली, चहाची टपरी परत आली, आणि तिच्यामागे पेठही हळूहळू परत आली.

आजही छत्तिसातल्या पस्तीस खोल्या भाड्याने दिल्या जातात. चौथ्या मजल्याची कोपऱ्यातली खोली कोणालाच दिली जात नाही. दर वर्षी माघातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी तिथे एक टेबल, एक खुर्ची आणि पाण्याचा तांब्या तेवढा ठेवतात. दुसाने कथा संपवतात, चष्मा पुसतात आणि ऐकणाऱ्यांतल्या एकाकडे वळून विचारतात, "तुम्ही काय काम करता?"

तो सांगतो.

"मग चला वर," दुसाने म्हणतात. "अकराला पाच मिनिटं आहेत."