चौथा कोपरा

अवजारं बोलायची तेव्हाची गोष्ट. भिवा सुतार लेकीच्या आरशाला चौकट करत होता. तिच्या आईने लावलेला फणस वठला होता, त्याची एवढीच पट्टी उरली होती.

काटकोन तपासणारा म्हातारा गुण्या करवतीला म्हणाला, "पोरी, आधी टाकाऊ तुकडे तिरके काप. जोडून मला दाखव."

"आजोबा, कोनाचे आकडे माझ्या अंगावरच कोरलेत. तुम्ही पडा निवांत."

तिने पट्टी कापली. तीन कोपरे घट्ट बसले. प्रत्येक कापातली केसभर चूक चौथ्यात साचली आणि तिथे फट पडली.

"पुन्हा कापते," करवत रडवेली होऊन म्हणाली.

"काप," पट्टी म्हणाली, "पण मग मी आरशाला पुरणार नाही."

भिवाने फटीत भुसा आणि सरस भरला.

"दिसत नाही हो, बाबा," लेक म्हणाली.

ती खोटं बोलतेय, हे करवतीलाही कळलं.