खिंडीतला शेवटचा दगड

एक होतं गाव, आणि गावापेक्षा दहापट मोठं होतं त्याचं रान. रान असलं वांड की सकाळी आत गेलेली वाट दुपारी जागेवर सापडायची नाही. त्यात ऊन कललं की डोंगरावरून ढग खाली उतरायचा. मग आपलाच हात आपल्याला पाव्हण्यासारखा वाटायचा.

म्हणून गावात एक टोळी होती. हुडक्यांची टोळी. कुणी म्हैस शोधायला जाऊन स्वतःच हरवायचा, कुणी मधाच्या पोळ्यामागं जायची ती परत यायचीच नाही. मग ही टोळी हातातलं काम टाकून त्यांना हुडकायला निघायची. पगार नाही, बक्षीस नाही. ज्याच्या घरचं माणूस सापडलं त्याच्या घरी पोटभर जेवण, बास.

रानात शिरायची रुळलेली वाट एकच, डोंगरातली खिंड. खिंडीत एक सपाट कातळ होता. तिथं टोळीचा नियम सुरू व्हायचा. आत जाताना प्रत्येकानं आपापला दगड कातळावर ठेवायचा. बाहेर आल्यावर आपला दगड आपणच उचलायचा. दुसऱ्याच्या दगडाला कुणी बोट लावायचं नाही. कातळावर दगड आहे म्हणजे माणूस आत आहे. इतकं सोपं की गाढवालाही समजावं. पण टोळीत गाढवं नव्हती, माणसं होती, तिथंच घोटाळा झाला.

दगडांजवळ बसायला एक माणूस होता. राखण्या. पूर्वी तोही हुडक्याच होता. एकदा कड्यावरून कुणाला तरी खाली आणताना पाय मोडला, तो नीट बसलाच नाही. तेव्हापासून टोळीनं त्याला खिंडीत बसवला. शेवटचा दगड उचलला जाईपर्यंत त्यानं उठायचं नाही.

बारा वर्षं तो तिथं बसत होता. माणसं त्याला दिसायची ती बहुतेक पाठीकडून. जाताना घाईत, येताना भुकेत. सापडलेला माणूस हुडकणाऱ्याच्या गळ्यात पडून रडायचा. राखण्याच्या गळ्यात कोण पडणार? तो तर जागचा हललेलाही नसायचा. त्याचं ताट जेवणावळीतून खिंडीत पाठवायची रीत होती, पण ते यायचं गार होऊन. कधी कधी यायचंच नाही.

मग तो दगडांशीच बोलायचा.

"काय गं चपटे, तुझी मालकीण आज खोकत होती ना? आणि तू रे काळ्या, तुझा धनी काल बायकोशी भांडला वाटतं, तुला आपटूनच ठेवलंन."

दगड काही बोलायचे नाहीत. राखण्या म्हणायचा, चला, उलट तरी बोलत नाहीत.

टोळीत एक गडी होता, त्याला सगळे वाघमाऱ्या म्हणायचे. त्यानं वाघ मारला होता, असं तोच सांगायचा. वाघाला कुणी विचारलं नव्हतं. त्याचा आवाज सगळ्यांत मोठा, छाती सगळ्यांत मोठी, म्हणून दगडही सगळ्यांत मोठा, चांगला पाट्याएवढा. इतरांचे दगड मुठीत मावायचे. हा आपला खांद्यावर घेऊन गावातून मिरवत यायचा आणि कातळावर धाडकन आदळायचा.

"अरे हळू," राखण्या म्हणायचा. "बाकीचे घाबरतात ना."

"कोण बाकीचे?"

"दगड."

वाघमाऱ्या खदाखदा हसायचा आणि आत जायचा. राखण्याला तेवढीच करमणूक.

एके दिवशी काय झालं, गावातल्या एका सासूनं जेवताना जावयाच्या ताटात तुपाची धार जरा आखडती सोडली. जावई रुसला. रुसला तो रुसला, पहाटे उठून थेट रानात गेला. रुसायला गावात जागा का कमी होती? पण जावयाला कोण सांगणार!

सासूनं रडून घर डोक्यावर घेतलं. टोळी निघाली. टोळीची म्होरकी म्हणजे गावची सुईण, सगळे तिला आक्का म्हणायचे. तिनं पुढं होऊन आपला चपटा दगड ठेवला, मागून बाकीच्यांनी ठेवले, शेवटी धाडकन वाघमाऱ्याचा. सगळे आत पांगले.

दुपारी वाघमाऱ्यालाच जावई सापडला. उंबराच्या झाडावर, फांदीला मिठी मारून बसलेला.

"खाली या पाव्हणं."

"तूप वाढणार का?"

"आता तुम्हाला तुपात बुडवून काढतील. या खाली."

जावयाचे पाय लटलट कापत होते. वाघमाऱ्यानं त्याला पाठीवर घेतलं. जवळच ओढ्याची घळ होती, ती खिंडीला वळसा घालून थेट सासूच्या परसात उतरायची. वाघमाऱ्याच्या मनात आलं, खिंडीतून गेलो तर लांब पडेल. वर तो पाट्याएवढा दगड! जावई उचलू का दगड? आणि घळीनं गेलो तर सगळ्या गावाआधी सासूच्या दारात आपणच. दगड काय, नंतर उचलू. त्याला थोडेच पाय फुटणार आहेत!

आणि तो घळीनं उतरला. जाताना त्यानं रानाच्या बाजूला तोंड करून जोरात हाळी दिली, "सापडलाऽऽऽ!" सगळ्या टोळीनं ऐकली आणि एकेक जण खिंडीकडं वळला. सगळ्यांनी आपापले दगड उचलले. शेवटी आक्का आली.

राखण्या म्हणाला, "आक्का, वाघमाऱ्या राहिलाय."

"तो पुढं गेला असेल."

"असेल नको. पाह्यलंस का?"

"पाह्यलं नाही रे. पण जावई सापडला म्हणजे..."

"जावई सापडला. तो कुणी आणला, कुठून आणला, आणणारा कुठं घसरला की काय, ते मला ठाऊक नाही. मला एवढाच ठाऊक." आणि त्यानं मोठ्या दगडाकडं बोट केलं.

आक्का दमली होती. ती म्हणाली, "बरं बाबा. मी खाली जाऊन बघते. घरी पोचला असला तर तीनदा ताट वाजवते. तुला इथवर ऐकू येईल. मग ऊठ."

"विसरशील."

"मी? अरे, निम्मं गाव माझ्या हातावर जन्मलंय. एकाला तरी विसरले का आईच्या पोटात?"

राखण्या हसला. आक्का गेली.

खाली सासूच्या अंगणात पंगत बसली होती. पुरणपोळ्या, वर तुपाची नदी. वाघमाऱ्या मधोमध बसला होता. आक्कानं त्याला पाह्यला, पाठीत एक धपाटा घातला, "मेल्या, इथं आहेस होय!" आणि ताट वाजवायला हात उचलला. तेवढ्यात सासूनं त्याच ताटात गरमागरम पोळी वाढली.

झालं. भरलेलं ताट कोण वाजवतंय!

वर खिंडीत राखण्या कान लावून बसला होता. वारं पडलं होतं, त्यामुळं खालचं सगळं ऐकू येत होतं. ताटं वाजत होती, पण जेवायची. माणसं हसत होती. राखण्यानं एकेक हसू ओळखलं. हे आक्काचं. हे काळ्या दगडवाल्याचं. त्यात वाघमाऱ्याचं हसू तेवढं नव्हतं. जो खिंडीत हसला तरी गावात पोरं दचकायची, त्याचा आवाजच नाही!

नव्हताच. कारण त्या वेळी वाघमाऱ्याच्या तोंडात चौथी पुरणपोळी होती.

राखण्यानं वाट पाह्यली. ऊन कललं. डोंगरावरून ढग सुटला.

"काय रे पाट्या," तो मोठ्या दगडाला म्हणाला, "तुझा धनी पडला का रे कुठं?"

त्यानं पुन्हा एकदा गावाकडं कान लावला.

"सगळे जेवतायत. कुणाच्या ध्यानात नाही आलं. मला आलं. मग मलाच जायला पाह्यजे, नाही का?"

त्यानं कमरेच्या कनवटीतून एक बारका गोटा काढला. त्याचा स्वतःचा. बारा वर्षांत तो कातळावर ठेवायची वेळ आली नव्हती, पण त्यानं टाकलाही नव्हता. अंगाच्या उबेनं कोमट झाला होता. राखण्यानं तो मोठ्या दगडाला टेकवून ठेवला. मग मागं वळून आपल्या रिकाम्या जागेकडं बघितलं. आत जाणाऱ्याच्या पाठीकडं बघायला तिथं कुणीतरी असायचं. आज कुणी नव्हतं. काठी टेकत टेकत तो ढगात शिरला.

खाली पंगत उठायला आली, तेव्हा सासूनं विचारलं, "अगं बाई, राखण्याला ताट कुणी नेलं?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. "नेलं असेल कुणीतरी," आक्का म्हणाली. बोलताना तिला काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण पोट भरलं की डोकं आळसावतं.

"असेल बिसेल नाही," सासू म्हणाली. तिनं पितळी ताट भरलं आणि वाघमाऱ्याच्या हातात दिलं. "तू जा. तुझा दगडही वरच राहिलाय म्हणे."

वाघमाऱ्या ताट घेऊन चढायला लागला. एव्हाना वारं उठलं होतं, रानाकडून गावाकडं. खिंड जवळ आली तशी त्याला खोडी सुचली. मागून जाऊन म्हाताऱ्याला दचकवायचा! तो दबकत दबकत कातळाच्या मागं गेला आणि उडी मारून ओरडला, "भ्भो!"

"भोऽऽऽ," डोंगर म्हणाला.

बाकी कुणीच काही म्हणालं नाही.

जागा रिकामी होती. कातळावर दोन दगड होते. एक त्याचा, आणि त्याला चिकटून एक बारका. हा बारका कुणाचा? टोळीतल्या सगळ्यांचे दगड त्याला पाठ होते. आणि मग त्याच्या पोटातल्या सगळ्या पुरणपोळ्या एकदम गार झाल्या.

तेवढ्यात ढगातून हाळी आली. लांबून, चिरकी.

"वाघमाऱ्याऽऽऽ!"

"दादा! मी इथंय! खिंडीत!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला.

पण वारं समोरून होतं. राखण्याचा आवाज त्याच्यापर्यंत येत होता, त्याचा मात्र जातच नव्हता. गावातला सगळ्यांत मोठा आवाज, आणि तो कुणाला ऐकू जाईना.

"वाघमाऱ्याऽऽऽ! भिऊ नको रेऽऽऽ! मी आलोऽऽऽ!"

दर हाळीला आवाज आणखी लांब जात होता.

वाघमाऱ्या आत पळत सुटला. दहा पावलं गेला आणि थांबला. आपण आत गेलो आणि राखण्या दुसरीकडून बाहेर आला तर? दगड तिथंच बघून तो परत आत येणार. असे दोघं एकमेकांना शोधत जन्मभर फिरू. आणि गावाला कळणार कसं? नियमाप्रमाणं खिंडीत कुणीतरी बसायलाच पाह्यजे होतं. वाघाशी लढायचं असतं तर सोपं होतं. नुसतं बसायचं, आणि तेच त्याला जमत नव्हतं.

त्यानं ताटातल्या पोळ्या पानावर काढल्या आणि पितळी ताट आपल्या मोठ्या दगडावर आपटायला लागला. ठण्ण! ठण्ण! ठण्ण! वारं गावाकडं होतं. आवाज खाली गेला. आक्काच्या हातातला तांब्याच पडला. "तीनदा," ती म्हणाली. "मी वाजवायचं होतं. मी."

टोळी धावत वर आली. एकेकानं दगड ठेवला.

"आवाज त्या बाजूनं येत होता," वाघमाऱ्यानं हात केला. "आता बंद झालाय. मी येतो, आक्का."

"तू बसायचं," आक्का म्हणाली. "तुझा दगड अजून इथंच आहे."

ते गेले. वाघमाऱ्यानं पह्यल्यांदाच त्यांच्या पाठी बघितल्या. ढगानं एकेक पाठ पुसून टाकली. मग वारं, आणि दगड. पोळ्या गार होत होत्या. कुणी कुणी नाही. "सापडेल ना रे?" त्यानं काळ्या दगडाला विचारलं आणि स्वतःच दचकला.

दिवस मावळता मावळता टोळी आली. राखण्या काळ्या दगडवाल्याच्या पाठीवर होता. खडकाच्या भेगेत त्याचा तोच मोडका पाय अडकला होता. सापडला तेव्हाही त्याचे ओठ हलत होते, पण घशातून आवाज येत नव्हता. हाळ्या देऊन देऊन बसला होता.

खिंडीत आल्यावर त्यानं खाली उतरवायला लावलं. आधी स्वतःचा गोटा उचलला. मग वाघमाऱ्याकडं बघितलं, नखशिखांत, सगळं जागेवर आहे का असं.

वाघमाऱ्या खाली मान घालून म्हणाला, "मी घरी होतो दादा. पुरणपोळ्या खात होतो."

राखण्यानं बोटं हलवून विचारलं, किती?

"चार." मग रडत रडत, "सहा."

राखण्या हसला. खांदे हलले, आवाज आलाच नाही. पुढंही कधी आला नाही. मग त्यानं मोठ्या दगडाकडं बोट केलं. आता उचल.

वाघमाऱ्यानं उचलला. इतका जड तो आधी कधी लागला नव्हता. घरी जाऊन तो दगड त्यानं फोडला आणि मुठीत मावेल एवढा तुकडा ठेवला.

त्यानंतर खिंडीत दोघं बसायला लागले, एक मुका आणि एक मोठ्या आवाजाचा. ताट दोघांचं यायचं, कधी गार, कधी यायचंच नाही. आणि कुणी घाईत दगड उचलून म्हणालं की "तो पुढं गेला असेल," तर राखण्या नुसता वाघमाऱ्याकडं बघायचा. वाघमाऱ्या म्हणायचा, "असेल नको. पाह्यलंस का?"

तात्पर्य: घरी पोचलात की आधी तसं कळवा, पुरणपोळी नंतर खा, कारण तुमच्या दगडाशेजारी कुणीतरी अजून उपाशी बसलेलं असतं.